सुंठीचं घर

सुरतेत लिंबायतच्या आमच्या खोलीत आधी साडीला जागा मिळायची, मग माणसांना. एक खोली, तिच्यावर लाकडी माळा, एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात स्टोव्ह, आणि उरलेल्या फरशीवर पसरलेली साडी. माय त्या साड्यांवर खडे चिकटवायची. प्लास्टिकच्या पिशवीचा मेंदीसारखा कोन वळायचा, त्यात पांढरा गोंद भरायचा, मागचं तोंड दोऱ्यानं बांधायचं, पुढचं टोक दातानं तोडायचं आणि कापडावर छापलेल्या ठिपक्यांवर एकेक थेंब सोडत जायचं. दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटाला एक खडा चिकटलेला असायचा, तो त्या थेंबावर ठेवून हलकं दाबायचं. कोनाचं टोक सारखं सुकून बंद पडे. मग माय ते पुन्हा दातात धरून कुरतडे आणि मोरीकडे तोंड करून थुंके. दिवसभर हे कुरतडणं आणि थुंकणं चाललेलं असे. त्या गोंदाचा आंबूस वास आमच्या कपड्यांना, वह्यांना आणि वरणाला सारखाच यायचा. शाळेत मी मागच्या बाकावर येऊन बसले की पुढची मुलगी मान न वळवता म्हणे, आली बेबी. घरीदारी मला सगळे बेबीच म्हणायचे. माझं खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला होते. पत्र्याच्या छपराखाली ओळीनं लावलेले लूम आणि त्यांची खटाखट. त्या आवाजात बारा तास काढून आलेला माणूस घरी हळू बोलूच शकत नाही. अण्णा पाणी मागायचे ते पलीकडच्या गल्लीला कळायचं. मायच्या कानात काही गुपित सांगायचं झालं तर तीच त्यांना म्हणायची, राहू द्या, उद्या रस्त्यावर भेटून सांगा. दिवाळीत सगळी खाती बंद होत आणि लिंबायत एकदम मुकं होई. बहुतेक लोक ताप्ती लाइनच्या गाडीनं धुळ्या-नंदुरबारकडे आपापल्या गावी जात. जे मागे उरत त्यांना त्या शांततेत झोप लागत नसे. अण्णा तर अंथरुणावर उठून बसत आणि म्हणत, कान दुखी ऱ्हायनात.

मी दहावीत होते त्या वर्षी आम्ही गावी गेलो नाही. कारण मायचा लॉट. तोवर तिला काम मिळायचं ते समोरच्या कोकिळाबेनकडून. कोकिळाबेन मार्केटमधून साड्या आणून गल्लीतल्या बायकांना वाटायची आणि झालेलं काम स्वतःचं म्हणून सेठकडे पोचवायची. मायचा हात इतका साफ होता की सेठ कोकिळाबेनची तारीफ करायचा, आणि ती तारीफ कोकिळाबेन घरी येऊन मायलाच ऐकवायची. शेवटी एका दुपारी माय ठेवणीतलं पातळ नेसली, एकटी रिक्षात बसून रिंगरोडच्या मार्केटला गेली आणि लग्नसराईच्या लाल साड्यांचा एक लॉट स्वतःच्या नावावर घेऊन आली. सेठची अट सरळ होती. लाभपाचमेला, म्हणजे दिवाळीनंतर सुरतेचे व्यापारी पुन्हा दुकानं उघडतात त्या दिवशी, मुहूर्ताला सगळा माल हजर पाहिजे. आणि एक जरी खडा निघाला तर पुन्हा तोंड दाखवायचं नाही. मायनं ते गठुडं देवाजवळ ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "एक जरी पोऱ्या साडीजवळ वना ना, टांगडा तोडसू!"

पोरं म्हणजे माझा धाकटा भाऊ गोटू आणि शेजारच्यांची पिंकी आणि ढब्बू. ही दोघं बहीणभाऊ. त्यांचे आईबाप गावी गेले होते आणि पोरांना खोकला म्हणून आमच्याकडे ठेवून गेले होते. गल्ली ओस, शाळेला सुट्टी, घरात साडी. या तिघांना कुठे ठेवायचं हा प्रश्न होता आणि तो माझ्या गळ्यात पडला. त्यावर उपाय आला तो खारीच्या पुडीतून. पुडीचा कागद कुठल्याशा परदेशी मासिकाचा होता, आणि त्यावर रंगीत चित्र होतं: तपकिरी बिस्किटांचं घर, पांढऱ्या नक्षीची खिडक्या-दारं, छपरावर गोळ्या, आणि भोवती गोरी गोरी मुलं. तिघांनी त्या तेलकट कागदाचा ताबा घेतला. छपरावरचं भोंगं, म्हणजे धुराडं, बघून पिंकी म्हणाली, हे डाइंगवाल्या सेठचं घर आहे. लिंबायतमध्ये भोंगं असतं ते कापड रंगवायच्या डाइंग मिललाच, त्यामुळे तिचं काही चुकलं नव्हतं. छपरावरच्या पांढऱ्या थरावरून बराच वाद झाला आणि शेजारी पिठाची गिरणी असणार असं ठरलं. खाली बारीक अक्षरात कृती होती. माझ्या दहावीच्या इंग्रजीला त्यातलं मैदा, साखर आणि आलं एवढं कळलं. आलं म्हणजे सुंठच असणार, कारण थंडीत गोड पदार्थात घालायची ती सुंठ. मायला विचारलं तर तिनं साडीवरून नजरही उचलली नाही. म्हणाली, "घर बांधा, नही तं बंगला बांधा, पन माळ्यावर बांधा."

आता माझी नात असल्या घराचा तयार संच खोक्यात घेऊन येते. भिंती, छप्पर, नक्षीची नळी, सगळं मोजून-मापून. अर्ध्या तासात घर उभं राहतं आणि तासाभरात पोटात जातं. मी बघत बसते आणि तिला काही सांगत नाही, कारण सांगायला लागले की ती म्हणते, आजी, तुमच्या वेळचं सगळंच कसं इतकं अवघड होतं गं?

आमचं अवघड झालं ते अण्णांमुळे. सुट्टीत त्यांच्या हातांना काम नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी पंखा उघडला, दुसऱ्या दिवशी स्टोव्ह. तिसऱ्या दिवशी त्यांना आमचं चित्र दिसलं. "बेबीनी माय, तू बिनघोर ऱ्हाय," ते गरजले, "पोरेस्ले मी सांभाळस!" आणि तिथून पुढे ते घर आमचं राहिलं नाही. साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांनी भिंतींची मापं काढली. चित्रातल्या घराला मोरी नव्हती, ती त्यांनी घातली. ओटा घातला. माळा घालायचाही विचार होता, पण ढब्बू रडायला लागला की मग खायचं कधी. गव्हाचं पीठ, किसलेला गूळ, सुंठ आणि वनस्पती तूप परातीत घालून त्यांनी स्वतः कणीक तिंबली. आम्ही लाटली, पुठ्ठे ठेवून कापली, आणि ताटांत भरून बेकरीच्या भट्टीवर नेली. दिवाळीत सुरतेत घरोघरच्या बायका मैदा-तूप-साखर घेऊन नानखटाई भाजून आणायला भट्टीवर रांग लावतात, त्या रांगेत आम्ही चौघं डोक्यावर भिंती घेऊन उभे राहिलो. भट्टीवाले चाचा लांब दांड्याचं फावडं हातात धरून ताटाकडे बघत राहिले. "बेटा, नानखटाई होती तो मैं समझता," ते म्हणाले, "ये तो फर्शी है. इसको खाएगा कौन?" ढब्बूनं ताबडतोब हात वर केला. चाचांनी फर्शी भाजून दिली, आणि जळलेला एक तुकडा काढून ढब्बूच्या हातात ठेवला. परत येताना सगळ्या गल्लीत सुंठ आणि गुळाचा वास पसरला. गोंदाच्या वासाला हरवणारा तो त्या घरातला पहिला वास.

भिंती उभ्या राहीनात. गुळाचा पाक करून जोडल्या तर एक भिंत धरावी तोवर दुसरी लोळण घेई. मग कागदावरची पांढरी नक्षी बघून पिठीसाखर, दूध आणि लिंबाचे थेंब घोटून दाट मलई केली. ती भरायची कशात, यावर अण्णांनी दोन मिनिटंही घेतली नाहीत. मायच्याच पिशव्या घेतल्या, मायसारखेच कोन वळले आणि लूमच्या दोऱ्यानं गाठी मारल्या. संध्याकाळपर्यंत भिंती कशाबशा उभ्या राहिल्या, पण छप्पर ठेवलं की घसरायचं. "उद्या," अण्णा म्हणाले, आणि उरलेले साखरेचे कोन सुकू नयेत म्हणून त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. माय आपले गोंदाचे कोन टोकं खाली करून स्टीलच्या पेल्यात ओल्या फडक्यावर ठेवायची. अण्णांनी साखरेचे कोनही त्याच पेल्यात नीट रचून ठेवले. एवढ्यावर त्यांचं मन भरलं नाही. दिवसभर दातानं टोकं तोडून बायकोचे दात झिजतात हे त्यांना बरेच दिवस खुपत होतं. सकाळी मायच्या आधी उठून त्यांनी पेल्यातल्या सगळ्या कोनांची टोकं कात्रीनं नीट कापून ठेवली. "आते तुले दात घिसानं काम नही," ते मायला म्हणाले. माय लाजली. ती लाजलेली मी क्वचितच पाहिली आहे.

त्या दिवशी सगळ्यांचंच काम सुरेख झालं. मायच्या दोनच साड्या उरल्या होत्या, त्या दुपारपर्यंत उरकल्या. "आज गोंद ब्येस चाली ऱ्हायना," ती म्हणाली, "गाठ नही, काई नही." इकडे माळ्यावर अण्णांनी छप्पर ठेवलं आणि ते जागच्या जागी बसलं. त्यांनी भिंतींच्या सगळ्या सांध्यांवरून पुन्हा एकेक जाड रेघ ओढली, भोंगं बसवलं, खिडक्यांना नक्षी काढली. "देखा! कसं पक्कं बठनं! काल पाक पातळ व्हता." गोटूनं नजर चुकवून नक्षीवरून बोट फिरवलं, चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "कडू शे," तो म्हणाला. "सुंठ अशीच ऱ्हास," अण्णांनी समजावलं, "खोकला जास."

मग घर पाटावर ठेवलं, आणि पाटाच्या चारी पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या. बघायला लोक येऊ लागले. मागे उरलेलं सगळं लिंबायत आमच्या जिन्यावरून येऊन गेलं म्हटलं तरी चालेल. बायका वाकून आत बघत आणि मोरी दाराजवळ काढली म्हणून अण्णांची कानउघाडणी करत. एकानं विचारलं, भाडं किती ठेवणार. कोकिळाबेनसुद्धा आली. "घर तो बहु सरस छे," ती म्हणाली, आणि तिची नजर घरावरून उतरून कोपऱ्यातल्या गठुड्यावर जाऊन बसली. "अने लॉट?" माय म्हणाली, झाला. कोकिळाबेन हसली आणि गेली. पोरांचं मात्र एकच चाललं होतं: फोडायचं कधी? अण्णा आज-उद्या करत राहिले. बांधलेलं घर फोडायला त्यांचा जीव होत नव्हता. आणि दरवेळी ते पाहुण्यांना वाट्यांमधलं पाणी दाखवत, त्यात एकही मुंगी नाही हे दाखवत, आणि म्हणत की बांधकाम असं पाहिजे.

शेवटी मुहूर्त ठरला तो लाभपाचमेच्या सकाळचा. माय गठुडं घेऊन मार्केटला निघेल, तेव्हा तिचं तोंड गोड करायचं ते याच घरानं. पहिला तुकडा तिचा, मग पोरांचा. खाली रिक्षा उभी होती. मी मायबरोबर जाणार होते. माय पुन्हा ठेवणीतलं पातळ नेसली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू, काखेत गठुडं. अण्णांनी छपराला हात घातला. छप्पर निघेना. दोन्ही हातांनी ओढलं तर पाटच उचलला गेला आणि वाट्या कलंडल्या. खालून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. शेवटी अण्णांनी वरवंटा आणला आणि भोंग्यावर घातला. भोंगं तुटलं. नक्षीसकट तो तुकडा त्यांनी मायच्या तोंडात घातला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. माय चावत होती. चावायची थांबली. वर्षानुवर्षं दिवसातून शंभरदा जी चव तिनं थुंकली होती ती तिला न ओळखायला काय झालं होतं? ती मोरीकडे वळली, थुंकली, आणि फार हळू म्हणाली, "हाऊ तं गोंद शे. मना गोंद."

मग मायनं पेल्याकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि काखेतलं गठुडं खाली टाकून गाठ सोडली. सगळ्यात वरच्या दोन साड्यांवर मुंग्या होत्या. इकडेतिकडे नव्हे, काठाच्या वेलीवर, छापलेल्या प्रत्येक पानावर, अगदी डिझाइन बघून बसल्यासारख्या. घराला मुंगी का शिवली नाही हे एकदम सगळ्यांना कळलं. ढब्बूला सर्वांत आधी कळलं, आणि त्यानं भोकाड पसरलं, कारण घर खायचं नव्हतं. अण्णा तोंड उघडून उभे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आवाज येत नव्हता. मला माय रडेल असं वाटलं. ती रडली नाही. तिनं साड्या झटकल्या, पुन्हा बांधल्या आणि म्हणाली, "चाल, बेबी."

रिक्षात मी त्या दोन साड्या मांडीवर घेऊन मुंग्या वेचत होते आणि बाहेर फुंकत होते. खडे घट्ट होते. साखर वाळून दगड झाली होती; नखानंही निघत नव्हती. मी मायला म्हटलं, "निघत नाहीत. सेठला कसं कळेल?" "नवरीले घाम वना का समदं पानीमां," माय म्हणाली. मग माझ्या मांडीवरची साडी सारखी करत, "कोकिळाबेनना लॉट ऱ्हाता तं दी टाकता. ह्या लॉटवर मनं नाव शे. सांगनं पडी." मला त्या वेळी तिचा राग आला. एवढी धडपड करून मिळवलेलं काम ती स्वतःच्या तोंडानं घालवायला निघाली आहे असंच मला वाटत होतं.

दुकानात नव्या गाद्या, झेंडूची तोरणं, उदबत्त्या. सेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यात बसला होता. मायनं दहा साड्या एका बाजूला ठेवल्या आणि दोन दुसऱ्या बाजूला, आणि आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत सांगून टाकलं. "सेठ, ये दो में गोंद नहीं है. साखर है." सेठ म्हणाला, "शुं?" "साखर. हमारे इनोंने घर बांधा. गोंद घर में गया, साखर साडी में आई." फरशी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सेठनं एक साडी ओढली, अंगठ्यानं खडा घासला. हलला नाही. नखानं उचकटला. हलला नाही. मग त्यानं बोट खड्याच्या कडेला घासून जिभेला लावलं आणि गोड लागताच त्याचा चेहराच बदलला. "अरे, मीठुं छे!" तो आत ओरडला, आणि त्याचा मुनीम आणि दोन भाऊ येऊन आळीपाळीनं साडी चाखू लागले. तेवढ्यात घडीतून राहिलेली एक मुंगी बाहेर आली आणि पांढऱ्या गादीवरून चालू लागली. मुनीमनं हात उगारला. "मारशो नहीं!" सेठ ओरडला. "लाभपाचमे आवी छे." सगळे ती मुंगी गादीवरून उतरून जाईपर्यंत थांबले.

मग सेठ गंभीर झाला. कच्च्या कामाचा माल ठेवता येत नव्हता, आणि परतही देता येत नव्हता. "मुहूर्तना दिवसे माल पाछो नहीं जाय," तो स्वतःशीच म्हणाला. पहिल्याच दिवशी आलेला माल उंबऱ्याबाहेर गेला तर वर्षभर तेच होतं, अशी त्याची समजूत. तो मायवर चिडलेला दिसत होता, मुहूर्तावर चिडलेला दिसत होता. शेवटी त्यानं मागच्या खोलीकडे बोट दाखवलं, गोंदाचा डबा मागवला आणि म्हणाला, इथेच बसा आणि पुरं करा. आम्ही बसलो. मी ओल्या फडक्यानं साखर पुसत होते, खडे वेचत होते, आणि माय नवे कोन वळून पुन्हा लावत होती. टोक तिनं दातानं तोडलं, चव बघितली, आणि मगच साडीला हात लावला. सेठ येता-जाता दारात थांबून तिचा हात बघायचा. पहिल्या खेपेला तो दोन क्षण थांबला, शेवटच्या खेपेला स्टूल घेऊन बसला. संध्याकाळी निघताना त्यानं शाबासकी वगैरे काही दिली नाही. नवं गठुडं पुढे सरकवलं आणि विचारलं, "बेन, नाव फरीथी कहो?" मायनं नाव सांगितलं. पूर्ण, नवऱ्याच्या नावा-आडनावासकट, आणि माझ्याकडे बघून हसली. रिक्षात ती रडली, दिवसभराचं राहिलेलं सगळं.

अण्णा उंबऱ्यावर बसून होते. पोरांसाठी त्यांनी भट्टीवरून नानखटाई आणली होती आणि मायसाठी स्वतःच्या हातांनी वरण-बट्टी केली होती. बट्टी चाचांच्या फर्शीपेक्षा थोडी मऊ होती. मायनं जेवण केलं. मग नवं गठुडं दाखवलं, आणि अण्णांचा गेलेला आवाज परत आला तो असा, की गावाहून परतलेले लोक जिन्यात धावत आले.

पुढे मायनं लिंबायतमध्ये वीस-पंचवीस बायकांना काम दिलं, स्वतःच्या नावावर. आम्ही सुरतेबाहेर कामरेजच्या बाजूला घर बांधलं, तेव्हा मोरी कुठे काढायची हे अण्णांना कुणी विचारलं नाही. दर नव्या बाईला माय पहिल्या दिवशी गोंदाचा डबा देई आणि एकच गोष्ट बजावे: कोनाचं टोक दातानंच तोडायचं, कात्रीनं नाही. का, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. पण ती हे बोलू लागली की आतल्या खोलीतून, जिथं फळीवर ते भोंगं तुटलेलं घर अजून जसंच्या तसं उभं आहे, तिथून लूमवाल्याचा तो आवाज यायचाच: "पन घर पडनं का? सांग ना, पडनं का?"